छप्पन्न गुण

८, ७, ३, ३, ७, ५, ९, ७, ७.

अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठाचा फुटबॉल संघ २०२१ च्या हंगामात ज्या फरकांनी हरला, ते हे आकडे. नऊ पराभव. सगळ्यांची बेरीज ५६ गुण. त्याच हंगामात ऑक्टोबरच्या एका रात्री या संघाने नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाविरुद्ध ५६-७ असा विजय मिळवला होता. म्हणजे नऊ शनिवारी (खरं तर आठ शनिवार आणि एक शुक्रवार) मिळून जेवढं कमी पडलं, तेवढं एका रात्रीत करून दाखवलं होतं. पूर्ण हंगामात त्यांनी ३३५ गुण केले आणि २७२ दिले. ज्याने जास्त केले तो जिंकला, असा सरळ व्यवहार असता तर संघ पुढे होता. प्रत्यक्षात तक्त्यात लिहिलं गेलं: ३ विजय, ९ पराभव. त्यांच्या गटात तर ९ सामन्यांत १ विजय.

मी तेव्हा लिंकनमध्ये, म्हणजे या विद्यापीठाच्या गावी होते. परभणीहून मातीवर संशोधन करायला आलेली मुलगी. फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा खेळ, एवढीच माझी समज. तिकडचा फुटबॉल मुख्यतः हाताने खेळतात, आणि पाय लावतात तो बहुतेक नाइलाज झाला की. हे मी लिहून ठेवते, कारण या गोष्टीत पुढे घात झाला तो वारंवार पायानेच.

आधी गावाबद्दल सांगायला हवं. नेब्रास्का राज्याची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत साडेएकोणीस लाखांच्या थोडी वर. मका, सोयाबीन, गुरं आणि वारा. राज्यात एकही व्यावसायिक फुटबॉल, बास्केटबॉल किंवा बेसबॉलचा मोठा संघ नाही. जे आहे ते हे विद्यापीठ आणि त्याचे ‘कॉर्नहस्कर्स’, म्हणजे मक्याची कणसं सोलणारे. मेमोरियल स्टेडियममध्ये पंच्याऐंशी हजारांच्या वर माणसं मावतात. ओमाहा आणि लिंकन सोडलं तर राज्यात एवढं मोठं शहरच नाही. त्यामुळे सामन्याच्या दिवशी स्टेडियम हे राज्यातलं तिसऱ्या क्रमांकाचं शहर होतं, हे वाक्य तिथे प्रत्येक नवागताला ऐकवलं जातं. मलाही माझ्या घरमालकांनी ऐकवलं, पहिल्याच आठवड्यात.

घरमालक म्हणजे राज्याच्या पश्चिमेकडचे निवृत्त शेतकरी. बायको गेल्यावर शेत मुलाकडे देऊन लिंकनला आलेले. हंगामाची दोन तिकिटं त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून घरात होती. त्या स्टेडियममधल्या प्रत्येक सामन्याची सगळी तिकिटं १९६२ पासून विकली जात आली आहेत, अशी तिथल्यांची शान. शान टिकवायला अलीकडे मदत लागते ते वेगळं. २०२१ मध्ये काही सामन्यांची उरलेली तिकिटं देणगीदारांनी घेऊन गरजू मुलांना दिली, आणि मालिका अखंड राहिली. मला यात लबाडी वाटली होती. घरमालकांना नाही वाटली. “मुलांनी सामना पाहिला की नाही? मग?” त्यांचा प्रश्न बिनतोड होता.

या लोकांना पराभवाची सवय नव्हती, हे समजल्याशिवाय २०२१ समजत नाही. १९६२ मध्ये बॉब डेव्हनी प्रशिक्षक म्हणून आले. १९७० आणि १९७१ मध्ये राष्ट्रीय विजेतेपदं. मग १९७३ पासून टॉम ऑसबर्न यांची पंचवीस वर्षं, आणि त्यांच्या शेवटच्या चार हंगामांत तीन विजेतेपदं: १९९४, १९९५, १९९७. १९६९ पासून २००१ पर्यंत सलग ३३ वर्षं हा संघ हंगामात निदान नऊ सामने जिंकत होता. एक अख्खी पिढी जन्माला आली, शिकली, तिची लग्नं झाली, आणि संघ नऊच्या खाली आला नाही. ऑसबर्न तर निवृत्तीनंतर अमेरिकी संसदेत निवडून गेले.

पुढे २००३ मध्ये फ्रँक सोलिच यांना काढलं, नियमित हंगामात नऊ विजय आणि तीन पराभव असताना. २०१४ मध्ये बो पेलिनींना काढलं. त्यांचेही नऊ आणि तीनच. आज लिंकनमध्ये कोणालाही विचारा, नऊ-तीनसाठी ते नवस बोलतील.

आणि मग २०१७ च्या डिसेंबरमध्ये घरचा मुलगा परत आला. स्कॉट फ्रॉस्ट वुड रिव्हर नावाच्या छोट्या गावातला. आई थाळीफेकीत ऑलिंपिकपर्यंत गेलेली, आई-वडील दोघंही प्रशिक्षक. १९९७ च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईचा सूत्रधार, हाच होता. प्रशिक्षक म्हणून सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाला त्याने तेव्हाच अपराजित नेलं होतं. तो संघ पुढे १३-० वर थांबला. सात वर्षांचा करार, साडेतीन कोटी डॉलर. राज्यभर पेढे वाटावेत असं वातावरण होतं म्हणे. पहिल्या वर्षी सलग सहा पराभवांनी सुरुवात झाली. ४-८, ५-७, कोविडच्या वर्षी ३-५. लोक थांबले. आपल्या माणसाला वेळ द्यायचा असतो.

२०२१ हे प्रेक्षक परतल्याचं वर्ष. आदल्या वर्षी रिकाम्या स्टेडियममध्ये खेळ झाला होता. ऑगस्टच्या शेवटी पहिला सामना इलिनॉय विद्यापीठात.

इथे ‘पंट’ म्हणजे काय ते सांगते, कारण सगळा हंगाम त्यावर सांडला. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. तीन प्रयत्न फसले की चौथ्यात बहुतेक संघ धोका पत्करत नाहीत. चेंडू लाथ मारून शक्य तितका लांब घालवतात, म्हणजे समोरच्याला दूरवरून सुरुवात करावी लागते. तो पंट. समोरचा गडी चेंडू झेलून धावू शकतो, म्हणून तुमच्या माणसांनी चेंडू जिकडे जाणार तिकडे आधीच धाव घ्यायची असते. या कामाला वेगळी तुकडी असते. टीव्हीवर या वेळी लोक चहाला उठतात.

इलिनॉयने मारलेला असाच एक पंट कॅम टेलर-ब्रिट या नेब्रास्काच्या उत्तम बचावपटूने स्वतःच्याच गोलरेषेजवळ झेलला. सोडून द्यायला हवा होता. मागे जातोय हे लक्षात येताच घाईत चेंडू फेकला, आणि इलिनॉयला फुकटचे दोन गुण मिळाले. सामना ३०-२२ असा गेला. पुढे ओक्लाहोमाविरुद्ध, १९७१ च्या दोघांच्या गाजलेल्या लढतीची पन्नाशी साजरी होत असताना, टचडाउननंतरच्या (चेंडू गोलरेषेपार नेला की टचडाउन) एका गुणाची सोपी लाथ अडवली गेली आणि ओक्लाहोमाने तोच चेंडू उलट पळवून दोन गुण घेतले. २३-१६.

पण मिशिगन स्टेटचा सामना मला आजही नीट पचलेला नाही. २५ सप्टेंबर, ईस्ट लॅन्सिंग. उत्तरार्धात नेब्रास्काच्या बचावाने मिशिगन स्टेटला अक्षरशः जागचं हलू दिलं नव्हतं. निर्धारित वेळेत त्या संघाला उत्तरार्धात एकदाही दहा यार्ड पुढे सरकता आलं नाही. नेब्रास्का २०-१३ पुढे. शेवटची चारेक मिनिटं. नेब्रास्काला पंट करायचा होता, एवढंच. अडवणारी तुकडी ठरल्याप्रमाणे एका बाजूला धावली. चेंडू गेला दुसऱ्या बाजूला. तिथे मिशिगन स्टेटचा जेडन रीड एकटा उभा होता, आणि त्याच्यापुढे ६२ यार्ड मोकळं हिरवं मैदान. त्याने चेंडू घेतला आणि धावला. बरोबरी. जादा वेळेत नेब्रास्काचा पास पकडला गेला, मिशिगन स्टेटने तीन गुणांची लाथ मारली. २३-२०.

घरमालकांनी टीव्ही बंद केला नाही. जाहिराती लागल्या, पुढचा कुठलातरी सामना सुरू झाला, ते बघत बसले. मी चहा केला. त्यांनी तो घेतला, साखर जास्त झाली असं म्हणाले, आणि मग बराच वेळ पंट कसा मारायला हवा होता ते मला सांगत राहिले, जणू मीच मारला होता.

दोन आठवड्यांनी मिशिगन आला, घरच्या मैदानावर, रात्री. विद्यार्थ्यांच्या तिकिटावर मी आत होते. एवढ्या माणसांना एकाच रंगात मी फक्त वारीच्या फोटोंत पाहिलं होतं, आणि तिथे रंग तरी पांढरा असतो. हे सगळं लाल. चौथ्या टप्प्यात नेब्रास्का २९-२६ पुढे गेला तेव्हा माझ्या पायाखालचा काँक्रीटचा कठडा हलत होता. दोन मिनिटांहून कमी वेळ उरलेला, बरोबरी, आणि सूत्रधार एड्रियन मार्टिनेझ पुढे घुसताना त्याच्या हातातून चेंडू ओढून घेतला गेला. मिशिगनची तीन गुणांची लाथ. ३२-२९. तोच मिशिगन तोवर अपराजित चालत होता आणि पुढे गटाचा विजेता झाला. हे नंतर लोकांनी समाधानासाठी वापरलं: बघा, कोणाला आपण घाम फोडला ते! ओहायो स्टेट ११ सामने जिंकला, आपण त्याच्याशी ९ गुणांनी हरलो. ओक्लाहोमा ११ जिंकला. मिशिगन स्टेट ११.

बाबा दर रविवारी फोनवर विचारायचे, “आज तरी जिंकले का गं तुझे मकावाले?” मी म्हणायचे, थोडक्यात गेला. ते म्हणायचे, “थोडक्यात म्हणजे गेलाच ना?” शेतकऱ्याला थोडक्याचं कौतुक नसतं. बोंडं फुटायच्या आठवड्यात पाऊस आला तर पीक थोडक्यात गेलं असं कोणी विमा कंपनीला सांगत नाही.

मिनेसोटा, पर्ड्यू, विस्कॉन्सिन यांच्याबद्दल लिहीत बसत नाही. वर आकडे आहेतच. शेवटचा सामना थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, आयोवाशी. मार्टिनेझचा खांदा गेलेला, त्याच्या जागी नवखा मुलगा. तरी २१-६ पुढे! मग नेब्रास्काचा पंट अडवला गेला, आयोवाने तो सरळ गोलरेषेपार नेला. पुन्हा पंटच. तीन गुणांची एक लाथ, मग स्वतःच्या गोलक्षेत्रात सापडल्यामुळे दिलेले दोन गुण, मग तीन गुणांची आणखी एक लाथ, २१-२१, आणि शेवटी टचडाउन. २८-२१.

आता प्रश्न असा, की हे नशीब होतं का?

आकड्यांच्या अभ्यासकांचं म्हणणं सरळ असतं: एका चढाईच्या फरकाने निकाल लागणारे सामने पुष्कळसे नाणेफेकीसारखे असतात, यंदा छाप पडला तर पुढच्या वर्षी काटा पडेल. माझी संशोधनाची बैठक बघता मला हे पटायला हवं. पण फ्रॉस्टच्या कारकिर्दीत अशा सामन्यांचा हिशेब ५ विजय आणि २२ पराभव असा राहिला. २७ वेळा फेकलेलं नाणं एवढं एकतर्फी पडलं तर माणूस आधी नाणं उलटसुलट करून बघतो. पंट चुकीच्या बाजूला जाणं, अडवला जाणं, सोडायचा तो झेलणं: या तीनही गोष्टी सरावाच्या आहेत, दैवाच्या नाहीत. त्या बाजूच्या खेळाला प्रशिक्षकांच्या चमूत पुरतं वेगळं माणूसही बराच काळ नेमलेलं नव्हतं, ही तक्रार लिंकनमध्ये तेव्हा सर्रास ऐकू यायची. मला ती रास्त वाटते. ज्या कामाच्या वेळी प्रेक्षक चहाला उठतात, त्या कामाच्या वेळी प्रशिक्षकानेही उठून चालत नाही.

तरी नशीब नव्हतंच, असंही म्हणवत नाही. ८ नोव्हेंबर १९९७ ला मिझोरीत, विजेतेपदाच्या त्या हंगामात, नेब्रास्का सात गुणांनी मागे होता आणि वेळ संपत आली होती. सूत्रधार फ्रॉस्टने पास टाकला. गोलरेषेवर तो शेविन विगिन्सच्या हातून निसटला, विगिन्स पडता पडता त्याच्या पायाला चेंडू लागला, वर उडाला, आणि जमिनीला टेकायच्या आत मॅट डेव्हिसनने पालथं पडून झेलला. बरोबरी, जादा वेळ, ४५-३८. मुद्दाम लाथ मारली असती तर नियमाने ते बाद होतं. तो चेंडू वीतभर इकडे पडला असता तर १९९७ चं विजेतेपद नाही, आणि फ्रॉस्ट हे नाव राज्यात देवघराशेजारी लागलं नसतं.

बरोबर २४ वर्षांनी, ८ नोव्हेंबर २०२१ ला, विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचे प्रमुख ट्रेव्ह अल्बर्ट्स यांनी जाहीर केलं की फ्रॉस्ट आणखी एक वर्ष राहणार. पगार ५० लाख डॉलरवरून ४० लाख. काढून टाकायची वेळ आली तर द्यायची भरपाई दीड कोटी डॉलरवरून निम्म्यावर येणार, पण १ ऑक्टोबर २०२२ पासून. त्याच दिवशी चढाईच्या बाजूचे चार सहायक प्रशिक्षक घरी गेले. प्रगती हळूहळू होते आहे, असं कारण दिलं गेलं. हेच ते. संघ चाळीस-चाळीस गुणांनी हरला असता तर कोणी ही भाषा केली नसती, आणि त्या नोव्हेंबरातच नवा माणूस शोधला गेला असता. थोडक्यातल्या पराभवांनी फ्रॉस्टची नोकरी वाचवली. नऊही वेळा जवळ गेला म्हणजे दहाव्या वेळी पोचेलच, हा हिशेब दुबळा असतो, पण तो करणाऱ्यांत मीही होते, घरमालक होते, आणि पंच्याऐंशी हजार लोक होते.

यात वीस-बावीस वर्षांच्या पोरांचं काय, हे फारसं कोणी विचारत नव्हतं. खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावायची मुभाच मुळी त्या जुलैत मिळाली होती; तोवर शिष्यवृत्तीपलीकडे जाहिरातीचा एक डॉलर घेतला तरी तो गुन्हा. मार्टिनेझ चार वर्षं सूत्रधार होता, संघनायक होता, आणि राज्यातल्या प्रत्येक कॉफीच्या दुकानात शिव्या खाणारा तोच होता. हंगाम संपता संपता कळलं की मिशिगन स्टेटच्या त्या सामन्यात त्याचा जबडा मोडला होता. मोडक्या जबड्याने तो ऑक्टोबर आणि नोव्हेंबर खेळला. मिशिगनविरुद्ध चेंडू ओढला गेला तेव्हा माझ्या मागचा माणूस त्याला जे म्हणाला ते इथे लिहिण्याजोगं नाही. पुढच्या वर्षी तो कॅन्सस स्टेटला गेला, ओक्लाहोमाच्या घरात जाऊन त्यांना ४१-३४ हरवलं, चार टचडाउन स्वतः धावून केले. त्याचा नवा संघ त्या वर्षी गटविजेता झाला. दुखापतीमुळे अंतिम सामना मात्र त्याला बाहेरून पाहावा लागला. पंट झेलणारा टेलर-ब्रिट आणि चेंडू सुरू करून देणारा कॅम जर्गन्स, दोघंही २०२२ मध्ये व्यावसायिक संघांनी दुसऱ्याच फेरीत उचलले. संघात माणसं नव्हती असं नाही.

स्टेडियमच्या एका कोपऱ्यावर दगडात कोरलेल्या ओळी आहेत, हार्टली बर अलेक्झांडर या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांच्या. आशय असा, की विजय नव्हे तर कृती, ध्येय नव्हे तर खेळ, आणि गौरव तो करण्यातच. ‘कर्मण्येवाधिकारस्ते’ ऐकत वाढलेल्या माझ्यासारखीला ते वाचून घरच्यासारखं वाटायला हरकत नव्हती. पण त्याच दगडाशेजारून बाहेर पडणारी गर्दी बघितली की दोन्हीकडच्या उपदेशाबद्दल शंका यायची.

त्याच शरद ऋतूत विद्यापीठाचा महिला व्हॉलीबॉल संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि विस्कॉन्सिनकडून पाचव्या सेटमध्ये हरला. तोही थोडक्यात! पण त्यांच्या भिंतीवर पाच विजेतेपदं आहेत, त्यामुळे त्यांचं थोडक्यात कोणाला खुपलं नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये याच मेमोरियल स्टेडियममध्ये जाळी लावून त्यांचा सामना झाला तेव्हा ९२,००३ माणसं आली. महिलांच्या खेळाला इतकी गर्दी जगात कुठे नोंदली गेली नव्हती.

फ्रॉस्टचं पुढे काय झालं ते लवकर सांगून टाकते. २०२२ चा पहिला सामना डब्लिनमध्ये, नॉर्थवेस्टर्नशी. ज्यांना ५६-७ हरवलं होतं तेच. २८-१७ पुढे असताना फ्रॉस्टने चेंडू आखूड मारून परत आपल्याकडेच घ्यायची चाल केली. गरज काय होती, देव जाणे. चेंडू नॉर्थवेस्टर्नला मिळाला, सामनाही, ३१-२८. दोन आठवड्यांनी जॉर्जिया सदर्नसारख्या कमी वजनाच्या संघाकडून घरात ४५-४२. घरच्या मैदानावर ३५ किंवा जास्त गुण करून नेब्रास्का त्याआधी कधीच हरला नव्हता. दुसऱ्या दिवशी, ११ सप्टेंबरला, त्याला काढलं. १ ऑक्टोबरला तीन आठवडे बाकी होते. थांबले असते तर भरपाई निम्मी द्यावी लागली असती. त्या तीन आठवड्यांची किंमत पंच्याहत्तर लाख डॉलर, तेव्हाच्या भावाने आपले साठेक कोटी रुपये. वर्षभर थांबणाऱ्यांना शेवटी तीन आठवडे थांबवलं नाही.

मला वाटलं, सुटला प्रश्न. नाणं बदललं. मॅट रूल नावाचे नवे प्रशिक्षक आले. २०२३ मध्ये पाच विजय झाले आणि हंगामानंतरच्या बक्षिसाच्या सामन्यासाठी सहावा हवा होता, चार सामने हातात. मिशिगन स्टेट: २०-१७ ने हार. मेरीलँड: १३-१०. विस्कॉन्सिन: जादा वेळेत २४-१७. आयोवा: अखेरच्या क्षणी लाथ, १३-१०. २०२४ मध्ये पुन्हा आयोवा, पुन्हा अखेरच्या क्षणी लाथ, पुन्हा १३-१०. फ्रॉस्टवर मी वर जे लिहिलं आहे ते या आकड्यांपुढे जरा लंगडं पडतं, हे मला दिसतंय. खोडत मात्र नाही. चुकीच्या बाजूला गेलेला पंट तो चुकीच्याच बाजूला गेला होता.

त्या वर्षी सहावा विजय अखेर मिळाला, विस्कॉन्सिनला ४४-२५ हरवून, आणि डिसेंबरात न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये बॉस्टन कॉलेजशी सामना पदरात पडला. मी तोवर दुसऱ्या राज्यात नोकरीला लागले होते. नेब्रास्का मोठ्या आघाडीवर होता, शेवटच्या टप्प्यात ती विरघळत गेली, आणि निकाल लागला २०-१५. जिंकले. २०१६ नंतर पहिल्यांदाच विजय पराभवांपेक्षा जास्त, ७-६. मी घरमालकांना अभिनंदनाचा फोन केला. ते चिडलेले होते. पाच गुणांनी जिंकणं म्हणजे काय जिंकणं, हा सामना पंधरा-वीसने मारायला हवा होता, असं त्यांचं म्हणणं. मग पुढची वीस मिनिटं ते मला पंट कुठे चुकले ते सांगत होते.